जंतूंचा रखवालदार

श्रीपती पाण्याला भीत असे. बुडण्याला नव्हे; पोहायला तो लहानपणीच शिकला होता आणि इंद्रायणीच्या पुरात वाहून आलेली लाकडं त्याने कितीदा तरी काठाला ओढून आणली होती. त्याला भीती वाटे ती स्वच्छ पाण्याची. तळ दिसणारं, थंडगार पाणी कोणी तांब्यात भरून पुढे केलं की तो आधी तांब्यात डोकावे, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघे आणि मग तहान नाही म्हणून सांगे. लोक हसत. हसायला लोकांचं काय जातं?

मळवलीच्या अलीकडे, रुळांपासून मैलभर आत, एका ओढ्याच्या काठाला त्याची वस्ती होती. वीस-बावीस घरं. वस्तीखाली ओढ्याला एक डोह होता आणि डोहाच्या काठाला वाळूत हातभर खोल खणलेला झिरा. वाळूतून पाझरून येणारं ते पाणी सारी वस्ती पीत असे. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात त्याच झिऱ्यातून पटकी आली. आठवड्याभरात नऊ माणसं गेली. त्यात श्रीपतीचा सहा वर्षांचा मारुती गेला आणि दुसऱ्या दिवशी बायको भागुबाई गेली. चार वर्षांची शालन तेवढी वाचली, कारण ती त्या दिवसांत कामशेतला आत्याकडे होती.

सगळं आटोपल्यावर सरकारी डॉक्टर आला. त्याने झिऱ्याचं पाणी बाटलीत भरून उन्हात धरलं. श्रीपतीने डोळे ताणून बघितलं. पाण्यात काहीच नव्हतं.

"यातच आहेत," डॉक्टर म्हणाला. "जंतू. दिसत नाहीत म्हणून तर घात करतात."

तो शब्द श्रीपतीच्या काळजात रुतला तो कायमचा. पुढच्याच वर्षी आरोग्य खात्याला विहिरींत औषध टाकायला माणूस हवा होता, तेव्हा तो आपण होऊन उभा राहिला. सुरुवातीला लाल औषध मिळे. जांभळे बारीक खडे. चिमूटभर टाकले की पाणी गुलाबी होई. लहान पोरालाही ठाऊक असे की गुलाबी पाण्याला तोंड लावायचं नाही. मग पांढऱ्या पावडरीचे डबे यायला लागले. नाकाला झोंबणारा तो वास श्रीपतीला अत्तरासारखा वाटे. रानातल्या विहिरी तो स्वतः कळकाच्या काठीने ढवळायचा; गावच्या विहिरीवर मात्र तो पावडर बादलीत कालवून द्यायचा आणि पाटलांचा गडी ती विहिरीत ओतायचा. विहिरीला त्याचा हात चालत नसे, त्याची पावडर चालत असे. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं बंद झालं, माणसं मान वर करून चालायला लागली; पण उन्हाळा तोंडावर आला की श्रीपतीची मान पुन्हा पाण्यावर वाकायची. जंतू मारणं हे त्याचं काम नव्हतं, ते त्याचं वैर होतं.

एकसष्ट साली ओढ्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना आला. रंगाचं उरलेलं पाणी सरळ ओढ्यात. सोमवारी ओढा लाल, बुधवारी निळा. शनिवारी तर त्याला नावच देता यायचं नाही. वस्तीने झिरा सोडला. बाया मैलभर चालून रुळांपाशी जायच्या आणि गँगमनच्या चाळीतल्या नळाखाली हंडे लावायच्या, चाळीतल्या बायांची बोलणी खायच्या. वडगावला मामलेदार कचेरीत अर्ज गेले. पाच-सहा वर्षं अर्ज करून झाल्यावर कारखान्याने एक केमिस्ट नेमला.

हा म्हाळसकर. वडगावचाच पोरगा, पुण्यात शिकलेला, तिशीच्या आतला. त्याने ओढ्याकाठी एक खोल हौद बांधून घेतला, त्यावर फळ्यांचं झाकण घातलं. कारखान्याचं पाणी त्या हौदात दोन-तीन दिवस मुरायचं, मग शेजारच्या उथळ तळ्यात ऊन खात पसरायचं आणि मग पाटाने ओढ्याला लागायचं. हौदावर एक रखवालदार हवा होता. वस्तीतून त्याने श्रीपतीला निवडलं, कारण हा पाण्याचं काम जाणतो असं कोणीतरी सांगितलं होतं.

पहिल्या सकाळी हौदाशी शेणाच्या काल्याची पिंपं आणि साखर कारखान्यातून आणलेल्या मळीचा डबा होता.

"रोज चार घमेली काला आणि दोन तांबे मळी," म्हाळसकर म्हणाला. "एक दिवसही चुकवायचं नाही, श्रीपतीभाऊ. उपाशी राहिले तर मरतील."

"कोन मरतील, साहेब?"

"जंतू. शेणातले. ते रंग खातात. वारा लागला नाही की रंगाला चांगले तोडतात, म्हणून तर झाकण."

श्रीपतीच्या हातातलं घमेलं खाली पडलं. त्याला वाटलं, साहेब चेष्टा करतोय. मग साहेबाचं तोंड बघितलं. चेष्टा नव्हती.

"जंतू," तो म्हणाला. "आन त्यास्नी म्या जेवू घालायचं?"

घालायचं होतं. शालनच्या लग्नाचं वय झालं होतं, विहिरींचं काम वर्षातून तीन महिन्यांचं, नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो रोज झाकणाची एक फळी सरकवी, श्वास रोखून काला ओती आणि फळी लोटून चार पावलं मागे पळे. आतून बुडबुड्यांचा आवाज यायचा. सडक्या अंड्याचा वास यायचा. आत काहीतरी जागं आहे, जेवतंय, वाढतंय, आणि ते आपल्याच हाताने वाढतंय, या विचाराने त्याचं जेवण उडालं. घरी आल्यावर तो पावडरीच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचा. आक्काबाई, त्याची थोरली बहीण, भागुबाई गेल्यापासून कामशेत सोडून त्याच्याच घरी राहिली होती. ती म्हणायची, "शिरपती, कातडं सोलून निगंल रं."

नऊ महिने काही झालं नाही. म्हाळसकर रोज बाटल्या भरून उन्हात धरायचा आणि तोंड पाडून परत जायचा. मग एके दिवशी पाटाचं पाणी फिकं आलं. मग आणखी फिकं. एकोणसत्तरच्या संक्रांतीला ओढा असा वाहत होता की डोहातले दगड मोजावेत.

वस्ती आनंदली. श्रीपतीचा धीर सुटला. आठ वर्षं रंग होता तोवर कोणाला काही सांगावं लागलं नव्हतं. लाल पाणी बघून शेळीसुद्धा मागे फिरायची. आता पाणी पुन्हा त्रेपन्न सालासारखं झालं. त्याने म्हाळसकरला विचारलं, "हे पानी पेलं तर चालंल का, साहेब?"

म्हाळसकरने हातातली बाटली खाली ठेवली. "धुण्याला वापरा," तो म्हणाला. "प्यायला नको. जंतू रंग तोडतात, पण त्याचे तुकडे मागे उरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचं काय करायचं ते मला अजून नीट जमलेलं नाही."

म्हणजे एक न दिसणारं होतं, त्याची आता दोन झाली. श्रीपतीने घरोघर जाऊन सांगितलं. बायांनी ऐकून घेतलं आणि झिरा उपसायला घेतला.

"रंग हुता तवा रंगाला भ्यालास," आक्काबाई म्हणाली. "आता रंग ग्येला तर बिनरंगाला भितूस. मानसानं भ्यावं तरी किती?"

गेल्या उन्हाळ्यात शालनचं लग्न लागलं होतं; चैत्रात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. पोटाला हात लावून हळूहळू चालायची, अगदी भागुबाईसारखी. ती ओढ्याच्या बाजूला वळली की श्रीपतीचे पाय आपोआप तिच्यामागे जायचे. तो नुसता उभा राहून बघायचा. तीही एकदा त्याच्या तोंडाकडे बघायची. वैशाखातल्या एका दुपारी तो हौदावरून जेवायला घरी आला, तर शालन ओसरीवर वाकून ओकत होती. डोळे खोल गेले होते, ओठ पांढरे पडले होते. आक्काबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि श्रीपतीकडे बघायचं टाळत होती.

तेवढ्यानेच त्याचं भान गेलं. सोळा वर्षांपूर्वीची दुपार जशीच्या तशी पुढे उभी राहिली. या खेपेला तर जंतू कुठून आले हेही त्याला ठाऊक होतं. त्यानेच त्यांना घमेल्याने जेवू घातलं होतं. आढ्याशी ठेवलेला पावडरीचा डबा त्याने काढला, गेल्या उन्हाळ्याचा, सील न फोडलेला. धावत हौदावर गेला, फळ्या भिरकावल्या आणि अख्खा डबा आत उपडा केला. मग कळकाने ढवळलं, जसं विहिरीत ढवळायचा, तळापर्यंत, घाम डोळ्यांत जाईस्तोवर. बुडबुडे कमी झाले. मग थांबले. नाकाला झोंबणारा वास आला आणि त्याला हायसं वाटलं. त्या वेळी त्याला कोणी विचारलं असतं तर त्याने छाती ठोकून सांगितलं असतं की मी माझी पोर वाचवली.

फळ्या जागेवर लावून तो परत फिरला. बैलगाडी करून शालनला स्टेशनवर नेलं आणि तिथून गाडीने लोणावळ्याच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, सलाईन लावलं.

"पटकी नाही," बाई म्हणाल्या. "पोटात शिळंपाकं गेलंय आणि वर ऊन लागलंय. पोटातलं बाळ ठीक आहे. दोन दिवस राहू दे."

श्रीपतीचा विश्वास बसेना. बाई गेल्यावर तो खाटेजवळ टेकला. "खरं सांग शालन. झिऱ्याचं पानी कितीदा पेलीस?"

"एकदाबी न्हाई."

"आक्का तर भरून आनायची."

"आत्याचं पानी मी भांडी घासाया घ्यायची. प्यायला रुळावरनंच आनत हुते, सकाळी गुपचूप." तिने डोळे मिटले. "तुमी भिताय म्हनून, आबा. तुमचं त्वांड बघून मला घोट गिळवला नसता."

तो तिथेच बसून राहिला. लेक वाचली याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण तो टिकला नाही. हौदातल्या त्या बंद झालेल्या बुडबुड्यांची त्याला आठवण झाली.

तिसऱ्या दिवशी शालनला घेऊन तो परत आला तेव्हा ओढा लालभडक वाहत होता. बाया रिकाम्या घागरी काखेला मारून काठावर उभ्या होत्या. "तुजं जंतू संपावर ग्येलं का रं?" एकीने विचारलं. श्रीपती न थांबता हौदावर गेला. म्हाळसकर कठड्यावर बसला होता. पुढ्यात सहा बाटल्या रांगेने, सहाही लाल. दाढी वाढलेली.

"मेले, श्रीपतीभाऊ," तो म्हणाला. "कारखान्यानं कुठला तरी नवा रंग वापरला असणार, त्यानं मेले. नाहीतर माझंच काही चुकलं. मुंबईचे मालक अठरा दिवसांनी येतायत. बाटली अशी निघाली तर हौद बुजवतील आणि पाणी पहिल्यासारखं थेट ओढ्यात सोडतील. मग परत कोणी काही करणार नाही."

गप्प राहिला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. पोर स्वतःला दोष देत बसला होता, त्याला देऊ द्यायचा. नोकरी गेली असती, पण ती दोघांची गेली असती. श्रीपतीच्या मनात हे सगळं येऊन गेलं. तो म्हाळसकरच्या समोर खाली बसला.

"रंगानं न्हाई मारलं, साहेब. म्या मारलं. पोर वकाया लागली आन माजं डोस्कं फिरलं. पावडरीचा डबा वतला."

"सगळा?"

"सगळा."

म्हाळसकरने एक बाटली उचलून कठड्यावर आपटली. मग बराच वेळ तो वाकून काचा वेचत राहिला. काचा वेचून झाल्यावर, मान वर न करता, त्याने विचारलं, "आता कशी आहे मुलगी?"

"बरी हाय. तिला पटकी नव्हतीच."

"नऊ महिने लागले होते त्यांना रंगाची सवय लागायला," म्हाळसकर म्हणाला. "शेणातल्या जंतूला रंग ठाऊक नसतो. आता पुन्हा नऊ महिने कुठून आणू?"

श्रीपतीने पंधरा वर्षं विहिरींचे तळ ढवळले होते. पावडर वरच्या पाण्याला लागते. तळाचा गाळ तिला खाऊन टाकतो, तिथे ती पोचत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं; हौदाचा तळ त्याने स्वतः ढवळला होता, पण डोहाच्या गाळाला पावडर पोचली नसणार. आणि त्याला आणखी एक गोष्ट आठवली. हौद नव्हता त्या वर्षांत दिवाळीला कारखाना आठ दिवस बंद राहायचा. तेव्हा डोहातलं साचलेलं लाल पाणी पाच-सहा दिवसांत आपोआप फिकं व्हायचं. बाया म्हणायच्या, डोह रंग गिळतो. तळाला काळा, घाण मारणारा गाळ होता. आठ वर्षं त्या गाळाने रंगाशिवाय दुसरं काही खाल्लं नव्हतं.

त्याने ते जसं होतं तसं सांगितलं. म्हाळसकर उठून उभा राहिला. "हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाई."

डोहात उतरायला दुसरं कोणी असतं तर बरं झालं असतं. पण चूक ज्याची त्याने पहिलं पाऊल टाकायला हवं, आणि सोळा वर्षांत श्रीपतीचं पाऊल त्या पाण्याला लागलं नव्हतं. भागुबाईने शेवटची घागर भरली ती त्याच काठावर. सकाळी उन्हं आल्यावर तो लंगोट लावून काठाशी उभा राहिला. वस्तीतली चार-पाच माणसं घमेली घेऊन मागे होती. घोटा बुडाला, गुडघा बुडाला, मग कंबर. पायाखालचा गाळ मऊ होता आणि कोमट होता, आणि पावलाभोवती हळूच मिटत होता. त्याला वाटलं, आता हे आपल्याला परत सोडत नाही. दातावर दात आपटत होते, वैशाखाच्या उन्हात. ओरडून बाहेर पळावं असं वाटलं. मग तो खाली वाकला आणि ज्यांच्याशी जन्माचं वैर धरलं त्यांना दोन्ही हातांनी ओंजळ भरून वर काढलं.

दोन दिवस गाळ वाहिला. हौद आधी उपसून घेतला, मग गाळ भरला, मळी घातली, फळ्या लावल्या. श्रीपतीने हौदाशीच पथारी टाकली. पहिले आठ दिवस आतून काही हाक नाही. तो फळीला कान लावून बसायचा. ज्या आवाजाला भिऊन पळायचा त्याचीच वाट बघायचा. मेले असतील तर? ही नवी भीती होती आणि जुन्या भीतीइतकीच खरी होती. नवव्या दिवशी खालून एक बुडबुडा आला. मग दुसरा. श्रीपतीने तिथल्या तिथे टोपी काढून डोळे पुसले.

मालक आले त्या दिवशी पाटाचं पाणी फिकं गुलाबी होतं. त्यांनी रुमाल नाकाला लावून बाटली बघितली, दोन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले आणि मोटारीत बसले. हौद राहिला. महिनाभरात पाणी नितळ झालं.

त्याच सुमारास शालनला मुलगी झाली. नाव हिरा ठेवलं. पाऊस त्या वर्षी लांबला होता आणि बाळंतिणीला पाणी लय लागतं. आक्काबाईचे गुडघे दुखत होते. एका सकाळी श्रीपतीने बघितलं, ती झिऱ्यावरून भरलेली कळशी घेऊन येत होती. तिच्या मागे आणखी तिघी. शालन खाटेवर होती; देतील ते पाणी तिला पिणं भाग होतं. श्रीपतीने म्हाळसकरने सांगितलेले रंगाचे तुकडे पुन्हा समजावले, हात जोडले, आवाज चढवला.

"तुकडं दाव," आक्काबाई म्हणाली, "मंग सोडीन."

ते तर दाखवता येत नव्हते. श्रीपती घरात गेला. फडताळाच्या मागे जुन्या दिवसांतली एक बाटली होती, लाल औषधाची. पावडर आल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तो झिऱ्यावर गेला. हौदापासून लांब, डोहालाही न लागेल असं बघून, चार खडे झिऱ्यात सोडले. हाताने हलवले. पाणी गुलाबी झालं. तासाभराने बाया आल्या आणि काठावरच थांबल्या. कारखान्याला शिव्या दिल्या, म्हाळसकरला दिल्या, सगळ्यात जास्त श्रीपतीला दिल्या. वाळूतून अजून रंग पाझरतोय, एवढं शेण खाऊन ह्याचे जंतू कामाचे नाहीत ते नाहीतच. मग घागरी उचलून रुळांच्या दिशेने मैलभर चालत गेल्या. श्रीपती हौदाच्या कठड्यावर बसून ऐकत होता. त्याचे जंतू आत बुडबुडत होते, पाटाला पाणी स्वच्छ वाहत होतं, आणि त्यांच्या बाजूने बोलायची त्याला सोय नव्हती.

हे रोजचंच झालं. दिवसभरात झिऱ्याचा रंग विरायचा, सकाळी श्रीपती तो पुन्हा चढवायचा. आक्काबाई रोज गुडघे चोळत त्याला बोल लावायची आणि तो मान खाली घालून भाकरी मोडायचा.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी तो हौदावरून घरी आला तेव्हा शालन हिराला मांडीवर घेऊन बसली होती. आक्काबाई चुलीपुढे होती, पाठमोरी, तोंडाने चालूच: आजबी गुलाबी, मेल्यांनो. श्रीपतीने नातीला घ्यायला हात पुढे केले. शालनने त्याच्या बोटांकडे बघितलं. लाल औषधाचा डाग कशानेही निघत नाही. तीन बोटं टोकाला तपकिरी झाली होती. तिने आत्याच्या पाठीकडे एकदा बघितलं, हिराचं दुपटं ओढून त्याच्या हातांवर टाकलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"बोटं झाका, आबा."